सोडलेली दारू पुन्हा प्यायली गेली तर: पहिल्या रात्रीपासून पुढचे तीन महिने

दारू सोडून सहा-सात महिने झालेला माणूस एका संध्याकाळी पुन्हा पितो. सकाळी जाग येते तीच एका विचाराने: ‘मोडलंच ना सगळं, आता काय उरलं?’ त्या विचारापायी तो दुसऱ्या दिवशीही पितो. तिसऱ्या दिवशी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधल्या मित्राचा फोन उचलत नाही. आठवड्याभरात सगळं जुन्या वळणावर येतं आणि घरचे म्हणतात, ‘आम्हाला माहीतच होतं.’

व्यसनमुक्तीच्या कामात हा क्रम इतक्या वेळा पाहायला मिळतो की एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. पहिल्या ग्लासापेक्षा कितीतरी जास्त नुकसान त्यानंतरच्या लपवालपवीने होतं. ॲलन मार्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हेच मांडलं होतं. एखाद्या वेळी घसरणं वेगळं आणि पूर्वीसारखं पिणं पुन्हा सुरू होणं वेगळं. पहिल्यातून दुसऱ्याकडे माणसाला ढकलतो तो बहुतेक वेळा अपराधीपणा. आपल्याकडे त्यात शपथेची भर पडते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, देवीपुढे नारळ ठेवून किंवा गळ्यात माळ घालून दारू सोडलेली असते. मग एक घोट घेतला तरी मुलाचा घात केल्यासारखं वाटतं, ते वाटणं सोसवत नाही आणि ते बुडवायला पुन्हा दारूच लागते.

म्हणून पुढे जे काही लिहिलं आहे ते एकाच गोष्टीसाठी आहे: घोट घेणं आणि कुणाला तरी सांगणं यांच्यातला वेळ कमी करणं. चार दिवसांनी सांगण्यापेक्षा चार तासांत सांगितलेलं बरं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यसनविषयक संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी घसरतात. दमा आणि उच्च रक्तदाब या आजारांतही पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण याहून कमी नाही. याचा अर्थ घसरणं ठरलेलंच आहे असा घेऊ नका. पण घसरलात तर तुम्ही जगावेगळे नाही, हे माहीत असू द्या.

त्याच रात्री

उघडलेली बाटली संपवायलाच हवी असं काही नाही. ‘आज झालंच आहे तर आजचा दिवस पिऊन घेऊ, उद्यापासून बंद’ हा हिशोब जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात येतो आणि तो नेहमी तोट्यात जातो. उरलेली दारू मोरीत ओता आणि बसला असाल त्या जागेवरून उठा. गाडी चालवू नका. कुणाला तरी न्यायला बोलवा. त्या माणसाला तुम्ही प्यायलात हे कळेल म्हणून बोलवायला नको वाटेल. पण त्याला कळणं हेच तर आपल्याला हवं आहे.

काही धोके त्याच रात्रीचे असतात. बरेच महिने दारू बंद असली की शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी अर्धा खंबा पचवणारा माणूस तेवढीच प्यायला तर बेशुद्ध पडू शकतो, त्याला झोपेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. असा माणूस घरात असेल तर त्याला कुशीवर झोपवा आणि एकटं सोडू नका. हाक मारून, हलवूनही तो उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडत असेल तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत थांबू नका, १०८ला फोन करा.

ओळखीच्या दुकानात कुणी बघेल म्हणून माणूस अशा वेळी हातभट्टीकडे वळतो. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती अशाच दारूने. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागलं, पोटात जोराने दुखू लागलं, धाप लागली तर तडक मोठं रुग्णालय गाठा आणि काय प्यायलात ते खरं सांगा.

तुम्हाला डायसल्फिरम, म्हणजे लोक ज्याला ‘दारू सोडायची गोळी’ म्हणतात ती, चालू असेल तर गोष्ट आणखी गंभीर आहे. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. त्रास सुरू झाला तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका, दवाखान्यात जा. गोळी पुन्हा सुरू करण्याचा निर्णयही डॉक्टरांवर सोडा. दारूनंतर निदान १२ तास तरी ती घेता येत नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस: आधी शरीर

एका रात्रीपुरती थोडी प्यायली गेली असेल तर दुसऱ्या दिवशी डोकेदुखी आणि मळमळ यापलीकडे सहसा काही होत नाही. भरपूर पाणी प्या, वरण-भात, पेज, मऊ खिचडी असं काहीतरी खा, झोपा. मात्र आठ-दहा दिवस रोज पिणं झालं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा. दारू थांबल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत हातांची थरथर, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, आपण कुठे आहोत ते समजत नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते. ‘मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झालं नव्हतं’ यावर विसंबू नका, कारण दारू अनेकदा सोडून पुन्हा धरलेल्यांना प्रत्येक पुढच्या वेळी हा त्रास वाढलेला जाणवू शकतो. पूर्वी कधी आकडी आलेली असेल तर घरी प्रयोग नकोच.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. आपल्याकडे अशक्त माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावायची पद्धत आहे. दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. ते न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून ‘अशक्तपणा आलाय’ एवढंच न सांगता ‘इतके दिवस दारू पीत होते, काल संध्याकाळी शेवटची घेतली’ असं स्पष्ट सांगा. लाजेपायी ही माहिती दडवली की डॉक्टर वेगळ्याच आजाराचा विचार करतात.

सांगायचं कुणाला, आणि काय

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाच माणसाला सांगा, पण त्याच दिवशी. तो माणूस शक्यतो असा असावा ज्याला तुमच्या पिण्यामुळे मार खावा लागलेला नाही, ज्याचे पैसे बुडालेले नाहीत. म्हणून बायको किंवा आई यांच्या आधी समुपदेशक, अल्कोहोलिक्स अनॉनिमसमधला तुमचा स्पॉन्सर (म्हणजे तुम्हाला साथ देणारा तिथला जुना सभासद), व्यसनमुक्ती केंद्रात बरोबर असलेला एखादा सोबर, म्हणजे दारूपासून दूर असलेला, मित्र यांच्यापैकी कुणी बरा. घरी सांगायचं आहेच, पण पहिला फोन अशा ठिकाणी करा जिथे रडारड आणि भांडण होणार नाही.

फोनवर लांबलचक बोलायला गेलात तर सबबी सुरू होतात. तीन वाक्यं पुरतात: ‘काल रात्री प्यायलो. आत्ता प्यायलेलो नाही. आज संध्याकाळी मला एकटं राहायचं नाही.’ फोन करायला जीभ रेटत नसेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा. शक्य असेल तर तो आजच, सोबर असताना लिहून मोबाइलमध्ये जपून ठेवा. त्या सकाळी शब्द सुचत नाहीत, नुसतं पुढे पाठवायचं असेल तर बोट तेवढं हलतं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालं. एकाने दुसऱ्याला आपली अवस्था सांगायची आणि त्या दिवसापुरतं दोघांनीही सोबर राहायचं, या साध्या गोष्टीवर ते उभं आहे. तिथे सभासदत्वाची अट एकच, दारू थांबवायची इच्छा. काल प्यायलेला माणूस आज मीटिंगला गेला तर त्याला कुणी हाकलत नाही, फीही नसते. शेवटच्या ओळीत बसा, काही बोलू नका, पण जा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतून उपचार घेतले असतील तर तिथल्या पाठपुराव्याच्या भेटी नेमक्या याच प्रसंगासाठी असतात. ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ’ असं वाटतं ना, त्याच तोंडाने जा. समुपदेशकाला घसरलेला माणूस नवा नाही.

या दिवसांत आत्महत्येचे विचार येणं दुर्मीळ नाही. शरम, दारूचा उतार आणि झोपेचा अभाव एकत्र आले की मन फार काळं होतं. तसं काही मनात आलं तर तासभरही एकटे थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. व्यसनासंबंधी मदतीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

घसरण नेमकी कधी सुरू झाली?

चार-पाच दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं की वही घेऊन बसा. त्याआधी नको, कारण आधी बसलात तर स्वतःला शिव्या घालण्यापलीकडे काही लिहिलं जात नाही. वरच्या ओळीत प्यायलात तो क्षण लिहा आणि तिथून मागे मागे जा.

एका गृहस्थांची वही आठवते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). चाकणच्या कारखान्यात काम, आठ महिने सोबर. पहिली ओळ त्यांनी लिहिली होती: ‘शनिवारी मेहुण्याच्या हळदीत आग्रह झाला म्हणून प्यायलो.’ त्याखाली काही नाही. समुपदेशकाने विचारलं, हळदीला जाताना खिशात किती पैसे होते? अडीच हजार. एरवी पगार बायकोकडे असतो, मग हे कुठून आले? ओव्हरटाइमचे, घरी सांगितले नव्हते. कधीपासून सांगत नव्हता? दीड महिना. त्या दीड महिन्यात रात्रपाळी होती, दिवसा झोप लागत नव्हती. झोप नाही म्हणून गुरुवारची मीटिंग सुटली, एकदा, मग दुसऱ्यांदा. मीटिंग सुटल्यावर स्पॉन्सरचा फोन आला तर ‘कामात आहे’ म्हटलं. जुना दोस्त टपरीवर भेटला, त्याच्याबरोबर नुसता चहा घेतला. तिसऱ्यांदा चहा घेतला तेव्हा तो म्हणाला, ‘हळदीला येतोयस ना?’

शनिवारचा आग्रह हे त्या साखळीचं शेवटचं टोक होतं. तोडायला सोपी जागा होती रात्रपाळी सुरू झाली तिथे. त्या आठवड्यात मीटिंगचा वार बदलून घेतला असता, ओव्हरटाइमचे पैसे घरी दिले असते, तर हळदीत मेहुण्याने हातात ग्लास दिला तरी तो खाली ठेवणं जमलं असतं.

तुमच्या वहीतही असंच निघेल. चार गोष्टी हमखास शोधा: झोप कधी बिघडली, जेवणाच्या वेळा कधी चुकल्या, कोणता राग किंवा अपमान मनात कुढत ठेवला, आणि पहिलं छोटं खोटं कधी बोललात. माझ्या मते यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दारूचा थेंब पोटात जायच्या कितीतरी आधी लपवणं सुरू झालेलं असतं.

पुढचे तीन महिने

पैसा हाताशी राहणार नाही अशी व्यवस्था करा. पगार थेट घरच्या खात्यात, मोबाइलवरच्या यूपीआयला रोजची छोटी मर्यादा, खिशात लागेल तेवढीच रोकड. यात कमीपणा वाटतो, पण तीन महिन्यांपुरतीच गोष्ट आहे, नंतर हळूहळू हातात घ्या. कामावरून येण्याचा रस्ता दुकानावरून जात असेल तर रस्ता बदला, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. घरातली दारू तर काढाच, पण कपाटातले ग्लासही काढा. माउथवॉश आणि खोकल्याची औषधं यांच्यावरची माहिती वाचा. काहींत अल्कोहोल असतं.

कॅलेंडर घ्या आणि अवघड तारखा आधीच खुणा करून ठेवा. पगाराचा दिवस, दीप अमावस्या म्हणजेच गटारी, गणपती विसर्जन, धुळवड, ३१ डिसेंबर, जवळच्या लग्नातली हळद आणि वरात, गावची जत्रा, निवडणुकीच्या दिवसांतली ढाब्यावरची जेवणं. ज्या महिन्यात घसरलात त्याच्या पुढच्या अशा एक-दोन प्रसंगांना सरळ जाऊ नका. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न येईल. पिऊन पडल्यावर लोक काय म्हणत होते ते आठवा. जावंच लागलं तर जेवणाच्या वेळेला जा, बरोबर सोबर माणूस न्या, हातात ताकाचा किंवा सरबताचा ग्लास ठेवा आणि परतीची गाडी आपल्या हातात असू द्या. कुणी आग्रह केला तर ‘गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी बंद केलीय’ एवढं बोलून विषय बदला. व्यसनमुक्तीवर भाषण देत बसायचं नाही. वाद वाढला की आग्रहही वाढतो.

तलफ आली तर ती किती वेळ टिकते ते घड्याळात बघा. बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो, मात्र त्या वेळात तुम्ही बाटलीच्या जवळ नसायला हवं. आधी काहीतरी खा. उपाशीपोटी तलफ दुप्पट वाटते, आणि शेंगदाणे, गूळ, केळं असं साधं काहीही चालतं. मग बाहेर पडून चाला किंवा कुणाला फोन लावा. रात्री अंथरुणात तलफ आली तर पडून तिच्याशी झुंजत राहू नका. दिवा लावा, उठा, तोंडावर पाणी मारा.

मोजलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. मीटिंगच्या रिवाजाप्रमाणे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि ते प्रामाणिकपणाचं आहे. पण आठ महिन्यांत शिकलेलं काही पुसलं जात नाही. त्या आठ महिन्यांत यकृताला मिळालेली विश्रांती, मुलीच्या शाळेच्या मीटिंगला गेलात तो दिवस, फेडलेलं कर्ज, सगळं जागेवर आहे. दोन्ही आकडे लिहून ठेवा: आजचा दिवस पहिला, आणि गेल्या वर्षातले न पिता गेलेले एकूण दिवस.

औषधांबद्दल थोडं

घसरल्यानंतर मनोविकारतज्ज्ञांना भेटलंच पाहिजे. नुसत्या निर्धारावर भागत नसेल तर तलफ कमी करणारी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा कमी करतं. ते सुरू करताना यकृताची तपासणी होते आणि ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर ते चालत नाही. अकॅम्प्रोसेट दारू बंद झाल्यावरची अस्वस्थता कमी करतं, पण मूत्रपिंड नीट काम करत असलं पाहिजे. ही औषधं चालू असताना घसरलात म्हणजे ती निरुपयोगी ठरली असं समजून स्वतः बंद करू नका. झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, सतत धास्ती वाटते, हेही डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर उपचार न झाल्यामुळे वारंवार घसरणारी माणसं बरीच असतात. थरथर थांबवायला दिलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र काही दिवसांपुरत्याच असतात. त्या स्वतःच्या मनाने चालू ठेवल्या तर दुसरं व्यसन लागतं.

घरच्यांनी काय करावं, काय टाळावं

प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री हिशोब करू नका. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, पोरं समोर नसताना, थोडक्यात: ‘काल तू प्यायलास हे आम्हाला कळलंय. आज डॉक्टरांकडे कधी जायचं?’ त्याने स्वतःहून सांगितलं असेल तर त्या क्षणी ओरडा मिळता कामा नये. खरं सांगितल्यावर शिव्याच मिळाल्या तर पुढच्या वेळी तो लपवणार. राग येणारच आणि तो रास्त आहे. तो काढायला अल-अनॉन, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगा, किंवा केंद्रातला पत्नींचा, कुटुंबीयांचा गट ही योग्य जागा.

नवी शपथ घ्यायला लावू नका, विशेषतः मुलांची. त्याच्या कामावर ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करू नका, दुकानातली उधारी फेडू नका. आणि जाहिरातीत ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकली जाणारी पावडर किंवा गोळी आमटीत मिसळू नका, कितीही हतबल झालात तरी. अशा पुडीत काय आहे ते कळत नाही. त्यात डायसल्फिरम असेल आणि माणूस बाहेर पिऊन आला, तर रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो.

घरात मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पिणाऱ्याचं बरं होणं तुमच्या मार खाण्यावर अवलंबून नाही.

पुन्हा दाखल व्हायचं का?

एकदा घसरून दोन-तीन दिवसांत सावरलात तर बहुधा मीटिंग, समुपदेशन आणि औषधं यांवर भागतं. रोज पिणं सुरू झालं असेल, थांबवायला गेल्यावर थरथर किंवा भास होत असतील, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा घरात पिणारं दुसरं कुणी असेल तर दाखल होणं बरं. त्याच केंद्रात पुन्हा जायची लाज वाटते, पण तिथे तुमचा मागचा इतिहास माहीत असतो, म्हणून तिथेच जाणं फायद्याचं.

नवीन केंद्र निवडत असाल तर जाऊन बघा. मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री आकडी आली तर कोण बघतं, घरच्यांशी भेट आणि फोन कधी होतो, बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा चालतो, हे विचारा. केंद्र परवानाधारक आहे का, तेही तपासा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने सक्त मनाई केली आहे. गाडी पाठवून माणसाला झोपेतून उचलून नेतो, महिनाभर भेटू देणार नाही, असं कुणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका. डिस्चार्जच्या दिवशी पुढच्या भेटीची तारीख, रोजच्या गोळ्यांचा कागद आणि पहिल्या आठवड्यातली मीटिंग कुठे, कोणत्या वारी, हे लिहून हातात घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नका.